दिघेकाकांचं हँडल

आमच्या शेजारच्या दिघेकाकांच्या गाडीच्या डिकीत स्पेअर टायर नसायचा, लोखंडी हँडल असायचं. दीड वीत लांब, काटकोनात वाकवलेलं, एका टोकाला चौकोनी भोक. एकदा रूट वन हायवेवर त्यांची गाडी पंक्चर झाली म्हणून आम्ही मदतीला धावलो. बघतो तर टायरच्या जागी हे हँडल, जुन्या टॉवेलात गुंडाळून नीट निजवलेलं. माझा नवरा नितीन म्हणाला की काका, ह्याने टायर बदलता येत नाही. काका म्हणाले, टायर काय, कुठेही मिळतो.

इथे अमेरिकेत, आमच्या वेस्ट विंडसरमध्ये, लोकांनी जपून आणलेल्या वस्तू मी पुष्कळ पाहिल्या आहेत. पाटा-वरवंटा घेऊन आलेली मैत्रीण मला आहे. पण हे हँडल इंग्लंडच्या कालव्याचं होतं. काकांना कंपनीने अमेरिकेत पाठवण्याआधी वर्षभर बर्मिंगहॅमला ठेवलं होतं. तिथे एका रविवारी काका-काकू लांबट, चिंचोळ्या बोटीतून दिवसभर कालव्यात फिरले, आणि तो रविवार काकांच्या अंगातून कधी गेलाच नाही. तिकडे म्हणे वाटेत लॉक लागतात. लॉक म्हणजे बोटीचा जिना. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, हँडल फिरवून झडप उघडायची, पाणी भरलं की बोट वर येते, मग पुढचं दार उघडायचं. सगळं आपलं आपण करायचं. हे मला पाठ आहे, कारण काकांनी ते मला भाजी घेताना, बर्फ उपसताना आणि एकदा माझी दाढ दुखत असतानासुद्धा सांगितलं आहे.

"पाणी भरतंय," हे त्यांचं कशालाही उत्तर. प्रोजेक्ट लांबला? पाणी भरतंय. कुकरची शिट्टी होत नाही? पाणी भरतंय. ग्रीन कार्डाचं काय झालं, असं विचारायची तर सोयच नव्हती. गाडी ते अशी चालवत की मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून दमत. काका आरशात बघून त्यांना हात करत, ओळखीच्यांना करावा तसा.

विमानतळावरची तपासणी कडक झाल्यावर हा गृहस्थ हँडल हातातल्या बॅगेत घालून मुंबईला निघाला. अधिकाऱ्याने विचारलं, हे काय? काकांनी त्याला बर्मिंगहॅमपासून सुरुवात करून लॉक समजावलं, हातवाऱ्यांसकट. त्याने साहेबाला बोलावलं, काकांनी साहेबालाही समजावलं. हँडल इथेच टाका म्हटल्यावर ते परत फिरले, रांगेत उभं राहून ते सामानात चढवलं आणि तोवर विमान गेलं. दुसऱ्या दिवशीच्या विमानाने गेले. चेहऱ्यावर पश्चात्तापाचा लवलेश नाही.

काकू तेव्हा पुण्यातच होत्या. काकांची आई घरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, म्हणून काकू थोड्या दिवसांसाठी गेल्या, त्या तिथेच राहिल्या. आजींना पगारी बायकांच्या हाती सोपवायला त्या तयार नव्हत्या, आणि काकांचं ग्रीन कार्ड अडकलेलं. आता नोकरी सोडून गेलं तर इतकी वर्षं रांगेत उभं राहिलेलं फुकट. फोनचं कार्ड संपेपर्यंत रोज रात्री तेच बोलणं. भिंत पातळ असल्यामुळे आम्हीही ऐकायचो. मला तर दोघांचाही राग यायचा.

मग एका उन्हाळ्यात नणंदेला आजींपाशी ठेवून काकू महिनाभरासाठी आल्या. काका माझ्याकडे येऊन म्हणाले, "मुग्धा, न्यूयॉर्कच्या वरच्या अंगाला कालवा आहे. अगदी तसलीच बोट मिळते. एक दिवस बोटीत बसली ना, की ही परत जायचं नाव काढणार नाही. तुम्ही पण चला." इतका आत्मविश्वास मी फक्त दिघेकाकांमध्ये आणि आमच्या मॅनेजरमध्ये पाहिला आहे.

पुढचे सगळे शनिवार आम्ही पार्किंग लॉटमध्ये तालीम केली. खडूने लॉक आखलं. नितीन आणि मी दारं. माझी लेक ईशा बोट. काका हँडल हवेत गरागरा फिरवत आणि "हळू, पाणी भरतंय" असं ओरडत. समोरच्या बाईंनी मला विचारलं, हा तुमचा सण आहे का? मी हो म्हटलं. खरं सांगायला बर्मिंगहॅमपासून सुरुवात करावी लागली असती. काकू खिडकीतून बघत होत्या, हसत नव्हत्या.

बोट खरंच सुरेख होती, हिरवी-लाल, आत छोटंसं स्वयंपाकघर. काका मागे सुकाणूचा दांडा धरून उभे राहिले आणि मी बघतच राहिले. ऑफिसात वाकून बसणारा हा माणूस ताठ झाला होता. दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे जाते. नितीनने दांडा धरला तेव्हा दोनदा काठाची झुडपं गोळा केली, काकांनी एकदाही नाही. ईशा मात्र कंटाळली. म्हणाली, "आई, द डक इज फास्टर दॅन अस."

आत काकू चहा करत होत्या. मी विचारलं, त्या बर्मिंगहॅमच्या रविवारी एवढं झालं तरी काय होतं?

"मी पडले पाण्यात," त्या म्हणाल्या. "हँडल हातात, आणि दारावरून पाय घसरला. ह्यांना पोहायला येत नाही. तरी चष्म्यासकट, बुटांसकट उडी मारली. मग दोघं उभे राहिलो तर पाणी छातीपर्यंत." त्यांनी गॅस बारीक केला. "पण उडी मारताना ते त्यांना ठाऊक नव्हतं गं. हँडल माझ्या हातातच होतं. तेच बोटवाल्याकडून मागून घेतलं ह्यांनी."

मला एकदम ते विमान आठवलं, आणि तो टॉवेल.

इतक्यात बाहेरून काकांची हाक आली. लॉक आलं होतं. आम्ही दारं धावत बाहेर आलो, नेमून दिलेल्या जागी उभे राहिलो. काका नितीनच्या हाती दांडा देऊन हँडल घेऊन पुढे गेले. आणि समोर बघतो तर ही थोरली लोखंडी दारं, मालाच्या जहाजांसाठी बांधलेली. ती आपोआप उघडली. वर खोलीत बसलेला माणूस बटण दाबत होता. आम्ही आत शिरल्यावर त्याने वाकून सांगितलं की भिंतीवरचे दोर धरून ठेवा, बाकी काही करायचं नाही. मग काकांच्या हातातलं हँडल पाहून त्याने आपुलकीने विचारलं, सर, ते कशासाठी?

पहिल्यांदाच काकांनी कुणाला लॉक समजावलं नाही. ते मागे आले, दांड्यापाशी उभे राहिले. कालवा म्हणजे कालवा, सगळीकडे सारखाच, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. मला इतकं वाईट वाटलं की मी उगाच दोर घट्ट धरून भिंतीकडे बघत बसले.

पाणी भरू लागलं. काकू बाहेर येऊन त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या, दुसरा दोर धरून.

"पुण्यात आपल्या घरामागे पण कॅनॉल आहे," काकू म्हणाल्या. "बोट नाही चालत. पण कडेने रस्ता आहे. सकाळी मी जाते फिरायला."

"वास येतो त्याला," काका म्हणाले.

"येतो. एकटीला जास्त येतो."

 ओल्या भिंती हळूहळू खाली गेल्या, उन्हाची तिरीप काकूंच्या हातावर आली, आणि आम्ही वर पोचलो. पुढचं दार उघडलं. हिरवा दिवा लागला. बोट हलेना. वरच्या माणसाने भोंगा वाजवला. नितीन हळूच म्हणाला, काका, दार उघडलंय.

काकांनी हँडल शर्टाला पुसलं आणि काकूंच्या हातात दिलं.

"हे तुझ्या बॅगेत टाक," ते म्हणाले. "हातातल्या नको, घेत नाहीत. मोठ्या बॅगेत. मी नोकरीचं आवरतो आणि मागून येतोच."

"आणि ग्रीन कार्ड?"

"राहू दे त्यांच्याकडे."

काकूंनी हँडल दोन्ही हातांनी धरलं, गरम चहाचा कप धरावा तसं. काकांनी दांडा ढकलला तो भलत्याच बाजूला, आणि आमची बोट लॉकच्या दारावर जाऊन दणकन आपटली. त्या दिवसातली त्यांची ती एकच चूक.