हिरामणनानांचं चिलखती इंजिन

आमच्या शेजारचे हिरामणनाना जगबुडीच्या तयारीला लागले आहेत, आणि या तयारीपायी माझ्या स्वयंपाकघरातून आतापर्यंत चहाची गाळणी, कुकरची शिट्टी, किसणी आणि पोह्यांच्या डब्याचं झाकण गेलं आहे. चोरीला नाही हं. नाना रीतसर दारात येतात, कडी वाजवतात आणि वस्तू मागायच्या आधी तिच्या तब्येतीची चौकशी करतात. "बाई, ती तुम्हनी गाळनी जुनी व्हयनी ना?" मी शाळेतून येऊन नुकतीच टेकलेली असते. नंदुरबारचं ऊन डोक्यात, न तपासलेले पेपर पिशवीत. वाद घालायचं त्राण नसतं. मी म्हणते, झाली असेल. मग नाना गाळणी घेऊन जातात आणि आम्ही संध्याकाळचा चहा फडक्यातून गाळतो.

"दुनिया सरनी म्हंजे?" हे नानांचं पालुपद. सरनी म्हणजे संपली. वीज गेली, नळाला पाणी आलं नाही, दूध नासलं की नाना ओट्यावरून ऐकवतात, "हाई काहीच नही. दुनिया सरनी म्हंजे काय करशात?" मी एकदा वैतागून विचारलं, तेव्हा तरी शाळेला सुट्टी असेल ना? नानांनी खरोखर विचार केला आणि म्हणाले, "पेपर तं तपासाच लागतीन."

त्यांची स्वतःची सोय मात्र त्यांनी करून ठेवली आहे. ती त्यांच्या बाजेखाली असते. मुळात ते हातभर लांबीचं, निळं, सेलवर चालणारं खेळण्यातलं इंजिन होतं, सोबत गोल जुळवायचे रूळ. मोबाइलवर नानांनी कुठल्याशा परदेशी दाढीवाल्याला अशाच इंजिनाची रणगाडी करताना पाहिलं. दुनिया संपल्यावर जी माणसं उरतील, ती म्हणे अशा गाडीतून फिरतील. बोलण्यातलं अक्षरही कळलं नाही, पण हात कळले, असं नाना सांगतात. झालं, तेव्हापासून इंजिनाला चिलखत चढतंय. अंगाला तेलाच्या डब्याचा पत्रा. खिडक्यांना गाळण्यांची जाळी. रुळावरचे अडथळे उडवायला पुढे माझी किसणी. टपावर कुकरची शिट्टी. ती कशासाठी हे त्या दाढीवाल्यालाही सांगता यायचं नाही.

नानांची उभी हयात रेल्वेच्या फाटकावर गेली. गावाबाहेर सुरतकडे जाणाऱ्या लाइनवर ते फाटक पाडायचे, उघडायचे आणि गाडीला हिरवी झेंडी दाखवायचे. त्यामुळे माणसं थांबवणं हा त्यांना आपला हक्क वाटतो. लांबून गाडीचा भोंगा ऐकू आला की नाना ओट्यावरून उठून हात आडवा धरतात आणि समोरून जो कोणी जात असेल त्याला थांबवतात. गल्लीत रूळ नाहीत, गाडी पार तिकडे स्टेशनात, पण दूधवाला थांबतो, भाजीवाली थांबते, मीही थांबते. भांडण्यापेक्षा थांबणं सोपं पडतं. गाडी गेली की नाना हात खाली घेतात आणि "जा आते," म्हणतात.

नाना एकटे राहतात. मुलगी वंदना सुरतेला असते, जावई साड्यांच्या दुकानात. हिवाळ्यात नाना मोरीत घसरून पडले तेव्हापासून वंदनाचा दर रविवारी मला फोन येतो. ताई, बाबांना इकडे पाठवा. नजर कमी झालीय, दोन्ही वेळ खिचडीच खातात, परत पडले तर कोण बघणार? तिचं काही चुकीचं नाही. नानाही कधी नाही म्हणत नाहीत. ते एवढंच म्हणतात, "इंजन पुरं व्हयनं का येसू."

म्हणजे नानांचं सुरतेला जाणं इंजिनावर अडलं होतं आणि इंजिन माझ्या स्वयंपाकघरावर. तेव्हा मीच एक दिवस मनावर घेतलं. एकदाचं हे पुरं होऊ दे, म्हातारा मुलीकडे जाऊ दे आणि रविवारी दुपारी मला झोपू दे. त्यांनी मागायच्या आधीच मी वस्तू नेऊन द्यायला लागले. तोफेसाठी झारा दिला, जुन्या छत्रीच्या काड्या दिल्या. नाना प्रत्येक वस्तू लावायचे आणि दुसऱ्या दिवशी नवी खोट काढायचे. तोफ वाकडी आहे. चाकं उघडी आहेत. पत्रा फारच चकाकतो, इतका नवा पत्रा बघून दुश्मनाला कळेल ना.

या चकाकण्यावरून आमच्या गल्लीत अनर्थ झाला. गंज हवा होता. त्या दाढीवाल्याने कसलीशी लाल पूड फासून गंज केला होता. आता लाल पूड म्हटल्यावर नंदुरबारच्या माणसाला दुसरं काय आठवणार? गावाबाहेर मोकळ्या रानात मिरचीचे लालभडक गालिचे वाळत पडलेले असतात, घरोघरी बरण्या भरलेल्या. नानांनी तिखटजाळ मिरचीची पूड फेव्हिकॉलमध्ये कालवली, इंजिनाला थापली, वरून आणखी कोरडी भुरभुरली आणि लवकर वाळावं म्हणून इंजिन ओट्यावर टेबलफॅनपुढे ठेवलं.

आधी भाजीवाली शिंकली. मग समोरचे परसभाई. मारवाडी माणूस, दसऱ्यालासुद्धा किराणा दुकान बंद न ठेवणारा, पण त्यांनी खोकत खोकत शटर ओढलं. बघता बघता सगळी गल्ली खोकायला लागली. कुणी पदर, कुणी रुमाल तोंडाला बांधला, कुणी कपाटातून जुने मास्क काढले. परसभाई रुमालाआडून ओरडले, "नानाजी, कोरोना वापस लाए क्या?" त्यावर सगळे डोळे पुसत हसले. मीही हसले.

नाना हसले नाहीत. तोंडं बांधलेल्या त्या गल्लीकडे ते बघत राहिले. मग पंख्याचा खटका बंद केला, इंजिन फडक्यात गुंडाळलं आणि आत गेले. परसभाईंना वाटलं, म्हातारा रागावला.

पुढचे काही दिवस नानांनी काहीच मागितलं नाही. स्वयंपाकघरातून एकही वस्तू गेली नाही, तरी मला चैन पडेना. शनिवारी शाळा लवकर सुटली तशी मी त्यांच्याकडे गेले. इंजिन बाजेवर ठेवलेलं होतं. खरं सांगते, ते मला आवडलं. मिरचीचा गंज वाळून अस्सल झाला होता. कुठे बोट शिरायला जागा नव्हती, फक्त डाव्या बाजूची एक खिडकी सोडून. तिला ना पत्रा, ना जाळी. मी खूश झाले. एवढंच राहिलंय तर. बाजारातून स्वतःसाठी आणलेली नवीकोरी गाळणी मी पिशवीतून काढली आणि म्हटलं, ही घ्या, त्या खिडकीला लावा, म्हणजे संपलं काम.

नानांनी गाळणी हातात घेतली, फिरवून बघितली आणि माझ्या मांडीवर परत ठेवली.

"ती जागा तिन्ही शे," ते म्हणाले. "बंद गाडीमा तिन्हा जीव घाबरस. तिले खिडकी लागस."

तिन्ही म्हणजे यशोदाकाकूंची. नानांची बायको कोरोनात गेली एवढं मला ठाऊक होतं. बाकीचं नानांनी त्या दिवशी सांगितलं, इंजिनाकडे बघत. वंदनाच्या बाळंतपणाला काकू सुरतेला गेल्या आणि सगळं बंद झालं. नात झाली. काकू फोनवर म्हणाल्या, गाडी सुरू झाली की या आणि येताना पोरीला खेळायला काहीतरी आणा. नानांनी हे निळं इंजिन आणून ठेवलं. गाडी काही सुरू झाली नाही. म्हणजे माणसांची झाली नाही. मालगाड्या चालू होत्या. कोळसा जात होता, धान्य जात होतं, सगळं सुरतेकडे, आणि नाना फाटकावर उभे राहून एकेकीला हिरवी झेंडी दाखवत होते. आयुष्यभर त्यांनी गाड्यांसाठी माणसं थांबवली होती. एका माणसासाठी गाडी थांबवणं त्यांच्या हातात नव्हतं. तिकडे काकू आजारी पडल्या, दवाखान्यात गेल्या आणि तिकडूनच गेल्या. नानांना फोन आला तेव्हा समोरून मालगाडी चालली होती. त्यांनी झेंडी खाली केली नाही.

मी म्हटलं, नाना, पण आता तर गाड्या चालू आहेत. वंदना बोलावतेय, नात वाट बघतेय.

नाना किसणीवरची धूळ पुसायला लागले.

"मी सुरतले गऊ नही, तवलोंग ती तठेच शे, बाई. वंदनाकडे. गाडी बंद शे म्हनीसन अडकी गयी, इतलंच." मग हळूच म्हणाले, "गऊ म्हंजे मंग तठेबी नही."

म्हणजे ते गेले, की काकू मग तिथेही नाहीत. लांब स्टेशनाकडे भोंगा वाजला तसा नानांचा हात सवयीने आडवा झाला. घरात आम्ही दोघंच होतो. मी बसल्या जागी थांबले. गाडी गेली, हात खाली आला, पण "जा आते" म्हणायला ते विसरले.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी डोळा लागत होता तेवढ्यात वंदनाचा फोन. ताई, झालं का हो ते इंजिन? मी म्हटलं, नाही गं, काम वाढलंय. एकट्याने उरकायचं नाही ते. शाळेला सुट्टी लागली की लेकीला घेऊन तूच ये थोडे दिवस, तिच्यासाठीच आणलेलं आहे ते. वंदना म्हणाली, येते.

फोन ठेवला, झोप तर गेलीच होती. स्वयंपाकघरातून नवी किसणी घेतली आणि नानांच्या दारात जाऊन कडी वाजवली.

"नाना," मी म्हटलं, "ती पुढची किसणी गंजली हो. असली किसणी घेऊन दुनिया संपल्यावर तुम्ही कुठवर जाणार?"

नानांनी चष्मा लावून किसणी उजेडात धरली. "खरं शे," ते म्हणाले. "बठ्ठं खोलनं पडी, पुरं इंजन."