बाबांचा खड्डा

सोफेवाल्यानं सासऱ्यांच्या खुर्चीतला खड्डा भरून काढला तेव्हा घरात तो एकटाच होता. बायको आणि सासूबाई थोरल्या मेहुण्याकडे राहायला गेल्या होत्या, म्हणूनच ही हिंमत झाली.

तो खड्डा साधासुधा नव्हता. सासरे बसचे कंडक्टर. जन्मभर गाडीत उभं राहून पाय सुजवून घेतलेला माणूस घरी आला की या खुर्चीत जो कोसळायचा, तो जेवायलाच उठायचा. ते गेले आणि खुर्चीत त्यांच्या आकाराचा खड्डा उरला. घरात त्या खड्ड्यालाच 'बाबा' म्हणायला लागले. नोकरीची मुलाखत असो, पोरीचं स्थळ असो, नाहीतर दाढ काढायची असो, आधी खड्ड्यात बसून डोळे मिटायचे आणि बाबा काय म्हणतात ते ऐकायचं. बाप जिवंत होता तेव्हा त्याचं एक अक्षर कुणी ऐकलं नव्हतं. तो बोलायला लागला की थोरला फोन घेऊन गच्चीवर सटकायचा आणि धाकटी, म्हणजे सोफेवाल्याची बायको, टीव्हीचा आवाज वाढवायची. मेल्यावर मात्र बापाच्या बुडाच्या खुणेला विचारल्याशिवाय कुणाचं पाऊल उचलत नव्हतं.

त्या खुर्चीत बसायची बंदी होती ती फक्त जावयाला. "बाहेरचा माणूस बसला की आकार बिघडतो," असा थोरल्याचा हुकूम. जावई लग्नापासून याच घरात राहत होता, सासूबाईंचे पाय चेपून देत होता, गळका नळ दुरुस्त करत होता, पण बाहेरचाच. तो बसायचा स्टुलावर.

त्या दिवशी एक गिऱ्हाईक कापडाचे नमुने बघायला घरी आलं आणि खुर्ची बघून खो खो हसलं. "ही तुमची कारागिरी? मग आमचा सोफा नकोच."

सोफेवाला पेटला. दुपारभरात जुना काथ्या उपसून कचऱ्याच्या गाडीत टाकला, नव्या स्प्रिंगा बसवल्या, वर जाड फोम घातला. खुर्ची अशी फुगली की जणू कुणी तिला नुकतंच जेवू घातलं होतं. तो खूश. बायकोसुद्धा खूश होईल, असं त्याला वाटलं. लग्नाला इतकी वर्षं होऊनही माणूस किती मूर्ख राहू शकतो!

धाकटी दारातून आत आली आणि हातातली पिशवी सोडून ओरडली, "बाबा कुठायत?"

"भरून काढले," सोफेवाला म्हणाला.

"अहो, तुम्ही माझ्या बापाला कचऱ्यात टाकलंत! रविवारी दादा येतोय बसायला. नोकरी सोडलीय त्यानं. ससे पाळायचे का कबुतरं, ते बाबांना विचारायचंय. रविवारच्या आत बाबा होते तसे पाहिजेत. नाहीतर तुमचं अंथरूण दुकानात. कायमचं."

धाकटी तोंडाची फटकळ होती, पण शब्दाची पक्की होती. सोफेवाल्यानं मागोमाग आलेल्या सासूबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "होईल काहीतरी," आणि चहा टाकायला गेल्या.

त्यानं आधी फोम कापून खड्डा कोरला. तो कोरलेलाच दिसला, बसून झालेला दिसेना. मग नवा फोम घालून वर सिमेंटचं पोतं ठेवलं. सकाळी पोतं उचललं तर खाली चौकोन.

"माझे बाबा चौकोनी होते का?" धाकटीनं विचारलं.

मग दुकानातलं शिलाई मशीन मांडीवर घेऊन तो स्वतःच बसला. हाडकुळा माणूस. उठल्यावर फोममध्ये नुसती दोन भोकं पडली आणि चहा होईपर्यंत तीही बुजली. गिऱ्हाइकांना तो वर्षानुवर्षं 'फोम दबला तर नाव बदलीन' असं सांगत आला होता. ते पहिल्यांदाच खरं ठरत होतं, तेही नेमकं त्याच्या मुळावर.

शेवटी धाकटीला शेजारचे ड्रायव्हिंग मास्तर दिसले. पाठमोरे ते हुबेहूब बाबा होते. तेवढेच रुंद, तेवढेच खाली उतरलेले. "मास्तर, आमच्याकडे मॅच बघायला या की," म्हटल्यावर ते घरच्या चपलांवर आले आणि बसले. खुर्ची कण्हली. नवरा-बायकोनं एकमेकांकडे आशेनं बघितलं.

मास्तर रोज यायला लागले. टोस्ट खायचे, आमलेट खायचे, सासूबाईंच्या पथ्याची बिस्किटं खायचे. खाल्ल्यानं वजन वाढतं म्हणून कुणी अडवेना. पण मास्तरांना खोड होती. शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून आयुष्य गेलेलं. टीव्हीवर कुणी जोरात धावत आलं की ते उजवा पाय जमिनीत रोवून ब्रेक दाबायचे आणि सगळं अंग मागे रेटायचे. जाहिरातीत गाडी दिसली तर विचारूच नका. खड्डा पडला, झकास पडला, पण खुर्चीच्या मागच्या कडेला.

"अहो, यांना पुढे सरकवा!" धाकटी स्वयंपाकघरात कुजबुजली.

"कसं सरकवू? शंभर किलोचा माणूस आहे."

"मास्तर," तिनं बाहेर जाऊन गोड आवाजात विचारलं, "पुढे बसून बघता का? नीट दिसेल."

"पुढे? काचेच्या एवढ्या जवळ? पोरी, अपघात असेच होतात," मास्तर म्हणाले आणि पुन्हा ब्रेक दाबला.

रविवारी सकाळीही मास्तर खुर्चीतच होते. थोरल्याची रिक्षा खाली थांबली तेव्हा सोफेवाल्यानं एक हात ओढला, धाकटीनं दुसरा ओढला आणि मास्तर निघाले ते आमलेटाच्या बशीसकट मागच्या दारानं बाहेर.

थोरला आत आला. खुर्चीला नमस्कार केला. सोफेवाल्याला म्हणाला, "तू जरा लांब उभा राहा." मग डोळे मिटून खुर्चीत बसला आणि धाडकन मागे कलंडला. पाय वर, तोंड छताकडे. सोफेवाला मनातल्या मनात अंथरुणाची वळकटी बांधायला लागला.

बराच वेळ थोरला तसाच पडून होता. मग त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"बाबांनी मान धरून वर बघायला लावलं!" तो रडत म्हणाला. "असं कधीच झालं नव्हतं. वर बघ म्हणाले. कबुतरंच पाळायची!"

"आणि खुर्ची ऊबदार लागतेय गं," तो धाकटीला म्हणाला. "बाबा आत्ताच उठून गेल्यासारखी."

धाकटीही रडायला लागली. तिला सगळं ठाऊक होतं, तरी रडली. थोरला कबुतरांचे पिंजरे बघायला निघाला आणि ती त्याला रिक्षापर्यंत सोडायला गेली.

सोफेवाला घाम पुसत स्टुलावर टेकला. सासूबाई चहा घेऊन आल्या.

"खड्डा छान जमवलात, जावईबापू. माझ्यापेक्षा बरा जमवलात."

"म्हणजे?"

"यांची खुर्ची हे गेल्यावर महिन्याभरातच गेली. ढेकूण झाले होते. मी मागच्या अंगणात जाळली. तुमच्या लग्नाआधीची गोष्ट. धाकटी हॉस्टेलवर, थोरला वेगळा, पोरं महिना महिना फिरकत नव्हती. मग माझं मन मला खायला लागलं. भंगारवाल्याकडे तसलीच एक दिसली, खड्ड्यासकट. आणून ठेवली. पोरं आली, बसली आणि रडायला लागली. मी म्हटलं, रडू देत. निदान घरी तरी येतात."

सोफेवाला कप स्टुलावर ठेवून उठला. "मग मी उपसला तो खड्डा कुणाचा होता?"

"देवाला ठाऊक. चांगला ऐसपैस माणूस असणार. थोरल्याला दोनदा बढती मिळाली त्याच्यावर." त्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "बसा की आता. यांचा असता तर तुम्ही बाहेरचे. हा कुणाचाच नाही."

सोफेवाल्यानं आधी दाराकडे बघितलं. मग खुर्चीत बसला, मागे कलंडला आणि छताकडे बघत राहिला. सासूबाईंनी त्याचा चहा स्टुलावरून उचलून खुर्चीच्या हातावर ठेवला.

"काय ऐकू येतंय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. पण या पाठीला थोडा कापूस भरला ना, तर—"

"खबरदार!" सासूबाई कडाडल्या. "माझ्या नवऱ्याच्या खुर्चीला हात लावाल तर!"