आधी तळ बघू

दगूकाकांना कुणी पेढ्यांचा बॉक्स दिला की ते तो आधी उलटा करतात. मग खालून पुठ्ठा फाडतात, तळातला एक पेढा काढतात, डोळे मिटून खातात आणि मगच निकाल देतात. माझ्या बारावीच्या पेढ्यांचंही तेच झालं. मी नमस्काराला वाकलेली, आणि काका बॉक्सचं बूड फोडण्यात गुंग.

"वरचा थर जगाला दाखवायला असतो, मनीषा," ते म्हणाले. "खरा माल तळाला. तळ बघू आधी."

पेढा बरा निघाला, म्हणून मला आशीर्वाद मिळाला.

आडगाव नाक्याजवळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. काकू जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा सुनील सुरतला असतो, एवढंच सगळ्यांना ठाऊक. तीस वर्षं त्यांनी पिंपळगावच्या एका पॅकहाउसच्या दारात द्राक्षांचे क्रेट तपासले. माल आणणारे वरच्या थराला असे घड मांडायचे, की जणू पोरगी दाखवायला बसवली आहे. काका तिकडे बघायचेही नाहीत. हात थेट कोपरापर्यंत आत घालायचे आणि तळाचा घड वर काढायचे. नोकरी संपली, पण हात अजून आतच आहे.

शेजारच्या जाधवांना फ्लॅट घ्यायचा होता. बाकीची मंडळी सँपल फ्लॅटमधल्या झुंबराखाली फोटो काढत होती आणि काका खालच्या पाण्याच्या टाकीत टॉर्च मारत ओणवे झाले होते. भाचीसाठी स्थळ बघायला गेले, तर नवरा मुलगा बाजूला ठेवून त्याच्या दहावी नापास धाकट्या भावाशी तासभर गप्पा मारत बसले. बाहेर येऊन म्हणाले, "द्या पोरगी. नापास पोराला बी या घरात ताट नीट वाढत्यात." भाचीचा संसार उत्तम चालला आहे, हे मला नाइलाजानं सांगावं लागतं.

आणखी एक. घडातून गळालेले सुटे मणी पॅकहाउसला नको असतात. काका आजही हंगामात जाऊन पिशवीभर मणी घेऊन येतात. काही ताजे वाटतात, उरलेले गच्चीवर वाळवून बेदाणे करतात. गच्चीवर मधमाश्या येतात म्हणून दर वर्षी बिल्डिंगची मीटिंग बसते. मीटिंगमध्ये काका तेच बेदाणे वाटतात, आणि तोंडं भरलेली असल्यामुळे ठराव काही होत नाही. "मनी गळला म्हंजी नासला नाय," असं ते वाटता वाटता सांगतात. आम्ही बिल्डिंगमधली पोरं मागून त्यांची नक्कल करायचो. मी सगळ्यात जास्त.

तर, माझी ॲडमिशन. बाबा सातपूरच्या एका कारखान्यात पॅकिंग खात्यात होते. मला इंजिनिअरिंग करायचं होतं, मार्क चांगले होते, पण सरकारी कॉलेज थोडक्यात हुकलं. खासगी कॉलेजची फी ऐकून आई नुसतं "हं" म्हणाली आणि कणीक तिंबायला लागली. अशात एका चकाचक कॉलेजचं पत्रक घरी आलं. गुणवंतांना शंभर टक्के स्कॉलरशिप! बाबांनी ते पत्रक घडी करून खिशात ठेवलं आणि भेटेल त्याला दाखवलं. शनिवारपर्यंत जागा पक्की करायची होती. बाबांनी ते दगूकाकांनाही दाखवलं, तिथं चूक झाली.

काकांनी पत्रक उलटं करून मागची बाजू पाहिली. ती कोरी होती.

"उद्या जाऊ," ते म्हणाले. "तळ बघू."

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट, हातात बेदाण्यांची पिशवी, असे काका पुढे आणि मान खाली घालून मी आणि बाबा मागे. कॉलेजला सगळ्या काचाच काचा होत्या. गेटवर टॉपर मुलांचे कोटातले फोटो लावलेला भलामोठा फ्लेक्स होता. आत एक मॅडम गोड आवाजात माहिती सांगायला लागल्या. काकांनी त्यांना मध्येच थांबवलं.

"म्याडम, फ्लेक्सवरची पोरं पाह्यली. गोड हायेत. आता तुमच्याकडची स्कॉलरशिप ज्याची गेली, असं एक पोरगं दाखवा."

मॅडमना वाटलं, कसली तरी तपासणी समिती आली आहे. त्यांनी आधी बिस्किटं मागवली. मग काका खरे कोण ते कळल्यावर वॉचमन मागवला. वॉचमन निघाला निफाडचा, काकांच्या पिंपळगावच्याच बाजूचा. त्यानंच आम्हाला बाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात काम करणारा किरण दाखवला. तो त्याच कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होता.

काकांनी त्याच्या हातावर मूठभर बेदाणे ठेवले आणि तीन प्रश्न विचारले. "जेवन कसंय इथलं? दुसऱ्या वर्षाला किती भरायला लावले? आन् घरी सांगितलंय का?"

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं किरणनं पटापट दिली. स्कॉलरशिप पहिल्या वर्षी सगळ्यांना देतात. मग एका जरी परीक्षेत ठरलेल्या मार्कांच्या खाली गेलं, की ती कायमची जाते आणि पूर्ण फी बसते. त्याच्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांची गेली होती. तिसऱ्या प्रश्नाला मात्र तो झेरॉक्सचे कागद उगाच सारखे करायला लागला. काकांनी त्याचा नंबर घेतला.

येताना बाबा बसमध्ये खिशातलं पत्रक चाचपत होते. मी काकांकडे पाठ करून खिडकीशी बसले. मला त्या काचा फार आवडल्या होत्या. आणि परक्या पोराला 'घरी सांगितलंय का' विचारणं म्हणजे तर भोचकपणाची हद्द झाली, असं माझं मत होतं.

त्यानंतर आम्ही आणखी तीन कॉलेजं पालथी घातली. प्रत्येक ठिकाणी तेच तीन प्रश्न, तेच बेदाणे. एका मुलीला तिसऱ्या प्रश्नावर रडू कोसळलं आणि लोक आमच्याकडे बघायला लागले. मी लांब जाऊन नोटीस बोर्ड वाचायला लागले. त्यावर दोन वर्षांपूर्वीची नोटीस होती.

शेवटचं कॉलेज शहराबाहेरचं, जुनं. कँटीनवर पत्रे, फ्लेक्स एकच आणि तोही उन्हानं विटलेला. तिथं रेश्मा नावाची मुलगी भेटली. तिची स्कॉलरशिप गेली होती, पण पुढच्या सहामाहीला मार्क वाढवल्यावर पुन्हा मिळाली होती. ऑफिसातल्या क्लार्कनं तसा नियमही काढून दाखवला.

काका उठले आणि बाबांना म्हणाले, "एकनाथ, जिथं गेलेली परत मिळती, तिथं घाल पोरगी."

"काका, माझी कशाला जाईल?" मी फणकारले.

"नाय जायची," काका म्हणाले. "पन क्रेट घेताना तळ बघावा लागतो."

माझी गेली. दुसऱ्या वर्षाच्या पहिल्याच सहामाहीत, गणिताच्या एका पेपरात मी सपशेल आपटले. फेब्रुवारीत निकाल लागला आणि सोबत ऑफिसचं पत्र आलं, की पुढच्या हप्त्यापासून पूर्ण फी भरावी. मी ते पत्र पुस्तकात लपवलं. बाबा कधी नव्हे ते ओव्हरटाइम बंद करून वेळेवर घरी यायला लागले होते, संध्याकाळी टीव्ही बघत हसत होते. त्यांना कसं सांगणार? तीन आठवडे मी रोज डबा घेऊन कॉलेजला जात होते आणि रोज संध्याकाळी सगळं छान चाललंय म्हणून सांगत होते. जिन्यात काका दिसले की मी फोन कानाला लावायची. त्यांची नजर तळापर्यंत जाते, याची मला पुरेपूर कल्पना होती.

एके दिवशी वर्गात शिपाई आला. "स्कॉलरशिप गेलेल्यांपैकी कुणीतरी कँटीनला या. पाहुणे आलेत."

असे आम्ही दोघंच होतो, आणि दुसरा गैरहजर होता.

मी कँटीनमध्ये गेले. पत्र्याखालच्या बाकावर पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ आणि माझ्यापेक्षा लहान एक मुलगी बसली होती. हरसूलहून बारावीनंतरचं कॉलेज बघायला आली होती ती. त्यांच्या शेजारी इस्त्रीचा शर्ट आणि मांडीवर पिशवी.

दगूकाका आता तिच्यासाठी तळ बघायला आले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. मला वाटलं, आता ओरडतील, नाहीतर 'अगं तू?' म्हणतील. त्यांनी कप खाली ठेवला आणि बाकावर सरकून जागा केली.

"बस," ते म्हणाले. "जेवन कसंय इथलं?"

"वरण पातळ असतं," मी म्हणाले. "भाजी बरी असते."

"किती भरायला लावलेत?"

मी आकडा सांगितला. हरसूलची मुलगी वहीत लिहून घेत होती. मग काका जरा पुढे वाकले. आवाज अगदी खाली आणून त्यांनी विचारलं, "घरी सांगितलंय का?"

त्या दुसऱ्या कॉलेजातली मुलगी रडली, तेव्हा मी नोटीस बोर्ड वाचला होता. आता मी तशीच, चारचौघांत, ओढणीत तोंड घालून रडले. काकांनी पिशवीतून ताजे सुटे मणी काढून माझ्यापुढे ठेवले. 'मनी गळला'चं नेहमीचं वाक्य काही ते बोलले नाहीत, आणि मला ते ऐकायचं होतं.

मग त्यांनी बाबांना फोन लावला. जेवणाची सुट्टी होती म्हणून लागला. "एकनाथ, घाबरू नको. खाली बस. पानी पी. पोरीला काहीतरी सांगायचंय."

मी हुंदके देत सगळं सांगितलं. 

"एवढंच?" बाबा म्हणाले. "अगं, दगूभाऊंनी पाणी प्यायला सांगितलं, मला वाटलं तुला गाडीनं उडवलं!"

ते हसायला लागले आणि हसता हसता त्यांचाही आवाज फुटला. त्यांचा ओव्हरटाइम पुन्हा सुरू झाला. मी रेश्माच्या जुन्या वह्या मागून आणल्या, तोच पेपर घोटून घोटून पाठ केला, आणि पुढच्या सहामाहीला माझी स्कॉलरशिप परत आली. काचेच्या कॉलेजात ती आली नसती. आज मी अंबडला नोकरी करते, आणि पेढ्याचा बॉक्स मला कुणी दिला तर लोकांची नजर चुकवून मीही तो उलटा करते. हरसूलची ती वहीवाली मुलगी, सविता, त्याच कॉलेजातून यंदा पास होते आहे.

पहिल्या पगारात मी काकांना नवा फोन घेतला. जुन्यातले नंबर नव्यात घालताना पाहिलं, तर 'तळ किरण', 'तळ रेश्मा', 'तळ गणेश', असे एकूण सतरा तळ. दर रविवारी सकाळी काका मला फोन करायचे, तसाच त्या सगळ्यांना करतात, हे मला तेव्हा कळलं. 'तळ मनीषा'ही होती. राहते मी त्यांच्या खालच्याच मजल्यावर, पण स्कॉलरशिप गेली की 'तळ', हा नियम त्यांनी मोडला नव्हता. आणि सगळ्यात पहिला नंबर होता 'तळ सुनील'.

"सुनीलला बी स्कॉलरशिप होती," काका गच्चीवरचे मणी हातानं पसरत म्हणाले. "फ्लेक्स बघून मीच घातला त्याला. सगळ्या जगाचे क्रेट तपासले मी, आन् घरच्या पोराच्या येळेला वरचाच थर पाह्यला. दुसऱ्या वर्षी गेली. त्यानं सांगितलं नाय. दीड वर्ष रोज डबा घिऊन जायाचा आन् स्टँडवर बसून यायचा. डबा मीच भरून द्यायचो. मला कळलं तवा लय बोललो मी त्याला. दुसऱ्या दिशी सुरत."

मीही मणी पसरायला लागले.

आता रविवारी सकाळी मी गच्चीवर जाते. काका एकेकाला फोन लावतात, जेवणाचं विचारतात, ओरडतात, हसतात. सगळ्यात शेवटी सुनीलचा नंबर लावतात आणि फोन आमच्या दोघांच्या मध्ये, मण्यांच्या पालथ्या पाटीवर ठेवतात. तो वाजतो. तो वाजतो आहे तोवर आम्ही बेदाणे खातो. अजून एकदाही कुणी उचललेला नाही.

वाजून वाजून फोन बंद होतो. काका तो उचलतात, शर्टाला पुसून खिशात ठेवतात.

"नंबर बदलला नाय त्यानं," ते म्हणतात. "चालू हाय."