दिलगिरीचा परिच्छेद

बायको रुसून माहेरी गेली आणि तक्रार विभागातल्या कारकुनाला माफीची एक ओळ सुचेना. वॉशिंग मशीनच्या कंपनीत तो दिवसभर माफीच मागत असे, पण तिथे डोकं चालवावं लागत नव्हतं. संगणकात परिच्छेद तयार होते: दिलगिरीचा, विलंबाचा, धीर धरण्याचा. हवा तो पत्रात घालायचा, की झालं.

शेवटी त्याने ऑफिसातच दिलगिरीचा परिच्छेद उघडला आणि ‘आपणांस झालेल्या गैरसोयीबद्दल’ वगैरे खोडून लिहिलं, ‘माझं चुकलं. चार माणसांत तुझी थट्टा करायला नको होती. तुझ्याशिवाय घर खायला उठतं. परत ये, भांडी मी घासीन.’ पत्र छापून त्याने पाकिटात घातलं. ‘बदल जतन करू?’ असं संगणकाने विचारल्यावर सवयीने ‘हो’ म्हटलं. हा परिच्छेद सगळ्या विभागाचा सामायिक आहे आणि इथे बदलला की प्रत्येक पत्रात बदलतो, हे त्या भल्या माणसाच्या डोक्यातच आलं नाही.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी त्याला बोलावलं.

“आपण गिऱ्हाइकांची भांडी घासतो का हो?”

समोरचं पत्र वाचून कारकुनाला दरदरून घाम फुटला. “साहेब, ते घरगुती होतं.”

“घरगुती? गावभर गेलंय. एक निवृत्त न्यायाधीश विचारतायत, कधी येताय म्हणून. पाठवू तुम्हाला?”

“साहेब, माझी नोकरी...”

“तिला काय झालंय? लोक भराभर तक्रारी मागे घेतायत. इतक्या मनापासून त्यांची माफी कुणी मागितलीच नव्हती. परिच्छेद तसाच ठेवा, फक्त ती भांडी काढा.”

कारकून खुशीत बाहेर आला, तोच बायकोचा फोन आला.

“पत्र मिळालं. वाचून रडले मी. बॅगसुद्धा भरली.”

“मग निघतेस ना?”

“निघणारच होते. तेवढ्यात आईला तुमच्या कंपनीचं पत्र आलं. तिचं मशीन गळतंय ना, त्याचं. शब्दाला शब्द तेच. गावभर वाटताय होय?”

“आई काय म्हणाल्या?” त्याने कसंबसं विचारलं.

“तिला भरून आलं. म्हणाली, जावई इतकं जीव तोडून बोलावतोय, तर जायला हवं. माझीच बॅग घेऊन निघाली. संध्याकाळपर्यंत पोचेल.”