खरेदीतलं डावं-उजवं

माणसानं खरेदी अशी करावी की त्या वस्तूलाच आपली निवड झाल्याचा अभिमान वाटला पाहिजे, असं रकानेसाहेबांचं मत होतं. हे मत त्यांनी कोणी न विचारता पुष्कळांना ऐकवलेलं होतं.

रकाने हे त्यांचं आडनाव नव्हे. एका कारखान्याच्या खरेदी विभागात त्यांनी चौतीस वर्षं काढली आणि तेवढ्या काळात खिळ्यापासून क्रेनपर्यंत एकही वस्तू तुलनात्मक तक्त्याशिवाय फाटकाच्या आत येऊ दिली नाही. तक्ता म्हटला की रकाने आलेच. हाताखालची माणसं त्यांना पाठीमागे रकानेसाहेब म्हणत, निरोपसमारंभात तोंडावर म्हणाली. साहेबांना ते आवडलं. घराच्या दारावर तशी पाटीच लावावी असंही त्यांच्या मनात होतं, पण ती लाकडाची असावी की पितळेची, याचा निर्णय अजून व्हायचा आहे.

त्यांच्या पत्नीला सगळी इमारत 'बाई' म्हणायची. बाईंनी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. हजारो पोरांच्या सूर्योदयांना आणि फुलदाण्यांना दहापैकी गुण दिले, आणि त्यात त्यांचं स्वतःचं चित्र काढायचं राहून गेलं. म्हणजे त्या काढत असत, पण ते आतल्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर, कोणाला न दाखवता. निवृत्त झाल्यावर एक दिवस त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती आता लहान मुलांची पुस्तकं काढत होती. एका विसरभोळ्या बदकाची गोष्ट तिच्याकडे आली होती, चोवीस चित्रं हवी होती, आणि ती बाईंनीच काढावीत असा तिचा हट्ट होता. मुखपृष्ठावर नाव येणार होतं. मुदत दोन महिने. फक्त चित्रं कॉम्प्युटरवर काढावी लागतील, कारण बदकाच्या टोपीचा रंग शेवटच्या दिवसापर्यंत बदलत राहणार, असा तिचा अनुभव होता.

काय घ्यायचं तेही त्या मुलीनं सांगून टाकलं होतं. एक साधी काळी ड्रॉइंगची पाटी, तिच्याबरोबर पेन येतं. पाटीवर काढायचं आणि समोर कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर बघायचं. हात एकीकडे, डोळे दुसरीकडे. आठवड्याभरात सवय होते.

बाईंनी हे सगळं जेवताना सांगितलं आणि वर म्हणाल्या, "उद्या बाहेर जाल तेव्हा घेऊन या." रकानेसाहेबांना असं सांगणं म्हणजे गवयाला 'दोन मिनिटांत आटपा' म्हणण्यासारखं होतं.

"कोणती आणू?"

"ती म्हणाली तीच. साधी."

"साधी हे काही वर्णन नव्हे," साहेब म्हणाले. "साधी म्हणून आम्ही एकदा शिडी घेतली होती. तिला पायऱ्याच नव्हत्या, नुसते दोन बांबू आले."

दुसऱ्या दिवशी साहेब रिकाम्या हातानं आणि भरल्या वहीनं परतले. त्यांच्या ध्यानात आलं होतं की या पाट्यांची एक आख्खी जातपात आहे. एक बिनस्क्रीनची, जी त्या मुलीनं सांगितली. दुसरी स्क्रीनवाली, म्हणजे जिथे पेन टेकवाल तिथेच रेघ उमटते. बिनस्क्रीनची पाटी त्यांनी तिथल्या तिथे बाद केली. बायकोनं इकडे हात चालवावा आणि तिकडे बघावं, हे त्यांना संसाराच्या दृष्टीनंही धोक्याचं वाटलं. राहिल्या स्क्रीनवाल्या. त्या बारा निघाल्या.

बारांचा तक्ता झाला. स्क्रीनची लांबी, रुंदी, काचेची जाडी, काचेची चमक, पेनाचं वजन, पेनाला किती तिरकं धरलेलं कळतं, तापते का, तापली तर कुठे तापते, वायर किती लांब आणि वायरचा रंग कोणता. एक रकाना 'दाब' असा होता. पेन किती जोरात टेकवलं ते या पाट्यांना म्हणे आठ हजारांवर पायऱ्यांत कळतं. बाईंना दोनच पायऱ्या ठाऊक होत्या, हलका हात आणि 'अगं, पेन्सिल मोडेल'. साहेबांनी मात्र दुकानात उभं राहून पायऱ्या मोजायला घेतल्या. तीनशेच्या पुढे गेल्यावर दुकानदारानं त्यांना बसायला स्टूल दिलं आणि दुकान बंद करायची वेळ सांगितली.

तिसऱ्या आठवड्यात बाईंनी विचारलं, काही ठरतंय का. साहेबांनी सांगितलं की बारातून सातावर आलोय. चौथ्या आठवड्यात बाई म्हणाल्या, तोवर मी कागदावर सुरुवात करते, पुढचं पुढे बघू. त्यावर साहेबांनी त्यांना समजावलं की एकदा मागणी नोंदवल्यावर मध्येच पर्यायी व्यवस्था केली, तर मागणीच खोटी होती असा त्याचा अर्थ होतो. बाईंनी तीस वर्षं शाळेत काढली होती, अर्थ नसलेली वाक्यं त्यांना ओळखता येत. पण प्रकाशक मुलीचा फोन आला की त्या सांगत, "येतेय गं पाटी. आमच्याकडे निवड चाललीय."

सहाव्या आठवड्यात निवड झाली. शेवटच्या दोन पाट्यांत अगदी बरोबरी होती. त्यातल्या एकीच्या डाव्या कडेला नऊ बटणं होती, दुसरीला सहा. नऊवाली उजवी ठरली. ही बटणं कशाला असतात, हे दुकानदारानं सांगितलं होतं: माणूस एका हातानं काढतो, दुसरा रिकामा असतो, त्यानं बटणं दाबायची. नुसत्या स्पर्शावर चालतात. दोन हातांना पूर्ण काम देणारी वस्तू साहेबांना आयुष्यात पहिल्यांदाच भेटत होती.

पाटी घरी आली, आतल्या टेबलावर बसली, कॉम्प्युटरला जोडली गेली. सोबतची पुस्तिका साहेबांनी आपल्या ताब्यात घेतली.

"बटणांना हात लावू नकोस," ते म्हणाले. "आधी मी वाचतो, मग एकेक सांगतो."

बाईंनी हात लावला नाही. हे नंतर फार महत्त्वाचं ठरलं.

पहिल्या दिवशी बाईंनी बदक काढलं. आतून हाक आली, म्हणून साहेब पुस्तिकेच्या अकराव्या पानावर बोट ठेवून उठले. स्क्रीन पांढरी होती. बाई सांगत होत्या की पाय काढले, अंग काढलं, मान, डोळा, टोपी, सगळं झालं, आणि रंग भरायला घेतला तर आधी टोपी गेली, मग डोळा, मग मान. कोणीतरी शेपटाकडून नव्हे, डोक्याकडून बदक खात आल्यासारखं. साहेबांनी पेन घेतलं आणि एक चौकोन काढला. चौकोन राहिला. त्यांनी चौकोनात चौकोन काढला. तोही राहिला.

"चालतंय की," साहेब म्हणाले.

ते बाहेर गेले आणि दुसरं बदक गेलं. मग तिसरं. बाई कधी तासभर काढत आणि निम्मं जाई, कधी दोन रेघांतच सगळं साफ. साहेब आले की यंत्र शाळातपासणीच्या दिवशीच्या वर्गासारखं शहाणं व्हायचं. चौथ्या दिवशी साहेबांनी दुकानदाराला बोलावून घेतलं आणि पाटी बदलून घेतली. नवी पाटीही बदकं खाऊ लागली. बाकी राहिले होते दहा दिवस.

दुकानदार पुन्हा आला. भला माणूस होता. त्यानं खुर्चीवर बसून एक घर काढलं, घराला धुराडं काढलं, मागे डोंगर काढला आणि पाच मिनिटं वाट पाहिली. धुरासकट सगळं जागच्या जागी होतं. मग साहेबांनी पुन्हा एक चौकोन काढला. बाई दाराशी उभ्या होत्या. दुकानदारानं पेन खाली ठेवलं आणि आवाज जरा हळू केला.

"यंत्रात काही दोष नाहीये, साहेब. कसंय, एका वयानंतर हात थोडा इकडेतिकडे होतो. नकळत काहीतरी दाबलं जातं. आमच्या आईचं तेच झालंय."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. इथे त्यांना पुष्कळ काही बोलता आलं असतं. या बाईंनी गेल्या तीस वर्षांत फळ्यावर हातानं काढलेलं वर्तुळ कंपास लावून तपासून घ्या, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण दोन पाट्या तपासून झाल्या होत्या, दोन तटस्थ माणसांनी चाचणी घेतली होती, आणि निष्कर्ष पद्धतशीर निघाला होता. साहेबांनी मान डोलावली.

त्या संध्याकाळी बाईंनी प्रकाशक मुलीला फोन केला. त्या म्हणाल्या की माझ्यानं आता होईलसं वाटत नाही, तू दुसरं कोणीतरी बघ. मुलीनं खूप समजावलं असावं, कारण बाई बराच वेळ नुसतं 'हो गं, कळतंय गं' म्हणत होत्या. मग त्यांनी फोन ठेवला आणि पेन त्याच्या खोबणीत नीट लावून ठेवलं.

साहेब मात्र हार मानणाऱ्यांतले नव्हते. आठवड्यानं त्यांनी कंपनीकडे थेट लेखी तक्रार करायचं ठरवलं. तक्रारीचा अर्ज चार पानी होता, त्यामुळे त्यांना त्या कंपनीबद्दल आदर वाटू लागला. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं: 'दोष घडत असताना वापरणाऱ्याच्या शेजारी बसून पाहावे व क्रमवार नोंद करावी.'

साहेबांनी स्टूल ओढलं, वही उघडली, घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि बाईंना म्हणाले, "काढ."

"आता कशाला?"

"अर्जात आहे."

बाईंनी पेन उचललं. साहेबांनी वेळ लिहिली, पुढे 'वापरणाऱ्याने पेन' एवढं लिहिलं आणि ते थांबले.

"तू डाव्या हातानं काढतेस?"

"हो."

"कधीपासून?"

"चार वर्षांची होते तेव्हापासून."

साहेबांनी ओशाळून विचारलं की यादी तर तू उजव्या हातानं लिहितेस, जेवतेस उजव्या हातानं. बाईंनी सांगितलं की ते वडिलांनी मारून बदलवलं. चित्रांकडे त्यांचं लक्षच नव्हतं, म्हणून ती डाव्या हाताकडे राहिली. हे सांगता सांगता त्यांनी बदकाची मान काढली, डोळा काढला, टोपी काढली आणि रंग भरायला मनगट पुढे घेतलं. त्यांचं डावं कोपर अलगद पाटीच्या डाव्या कडेला, वरून दुसऱ्या बटणावर टेकलं. टोपी गेली. कोपर सरकलं, डोळा गेला. 'वरून दुसरे बटण: शेवटची रेघ मागे घेणे' हे पुस्तिकेच्या बाराव्या पानावर होतं.

हात लावू नकोस म्हटलं होतं. हात लागलाच नव्हता.

"मला कधी सांगितलं नाहीस," साहेब म्हणाले.

"तुमच्या तक्त्यात तो रकाना नव्हता."

साहेबांना बाईंच्या कुर्त्यांच्या डाव्या बाह्या आठवल्या. त्या बाह्यांवरचे रंगाचे डाग निघावेत म्हणून एका वर्षी त्यांनी सात साबणांचा तक्ता केला होता. डाग कसले, कापड कोणतं, पाणी किती गरम, सगळे रकाने होते. डाग एकाच बाहीवर का, हे त्यांनी कोणत्याही साबणाला विचारलं नव्हतं.

बटणं बंद करायला अर्धं मिनिट लागलं. लगेच त्यांनी प्रकाशक मुलीला स्वतः फोन लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा, तक्त्याशिवाय, चूक आपली असल्याचं सांगितलं. ती आधी हसली, कारण बाई डावखुऱ्या आहेत हे शाळेच्या शिपायालासुद्धा माहीत होतं. मग तिनं अडचण सांगितली. दुसऱ्या चित्रकारानं नऊ चित्रं करून दिली होती, आता त्याच्या हातून काढून घेणं बरं दिसलं नसतं. पुढे काही आलं तर बाईंनाच विचारीन, असं ती म्हणाली. 'काही आलं तर' या शब्दांची किंमत खरेदी विभागात मुरलेल्या माणसाला कोणी सांगायला नको होती.

चार महिन्यांनी पुस्तक घरी आलं. मुलीनं आठवणीनं पाठवलं होतं. बाईंनी ते खिडकीजवळ बसून एकेक पान उलटत सावकाश पाहिलं. साहेब मागे हात बांधून उभे होते. शेवटचं पान झालं, तेव्हा त्यांना राहवलं नाही.

"तुझं बदक याच्यापेक्षा चांगलं झालं असतं."

बाईंनी मान वर केली. रागावलेल्या दिसत नव्हत्या, खरोखरच विचारत होत्या.

"तुम्ही माझं बदक कधी बघितलंत?"

साहेबांनी आठवून पाहिलं. त्यांनी बारा पाट्या बघितल्या होत्या, काचेची जाडी बघितली होती, वायरचा रंग बघितला होता. बाईंनी हाक मारली तेव्हा ते दर वेळी गेले होते, आणि दर वेळी स्क्रीन पांढरी होती. एकदाच ते शेजारी बसले, तेव्हा त्यांची नजर बाईंच्या हातावरून हललीच नव्हती.

"नाही बघितलं," ते म्हणाले. चौतीस वर्षांच्या नोकरीतही इतका छोटा अहवाल त्यांनी कधी दिला नव्हता.

बाईंनी पुस्तक त्यांच्या हातात दिलं. "मग हे तरी नीट बघा."

साहेब स्टुलावर बसले आणि पहिल्या पानापासून नीट बघू लागले. बदक चांगलं होतं. टोपी विसरून तळ्याकाठी उभं होतं आणि आपण काय विसरलो ते आठवत होतं. साहेबांना त्यात एकही खोट काढता येईना, आणि तेच त्यांना सगळ्यात जास्त लागलं.