बसून पाणी प्यालेली सांबरीण

एका जंगलात, मुलांनो, एक तळं होतं आणि तळ्यात पाणी होतं. ज्याला तहान लागे तो येई, तोंड बुडवी, पिई आणि निघून जाई. पाण्याबद्दल कुणालाच काही माहिती नव्हती. त्यामुळे ते सगळ्यांना पचत असे.

मग तिथं धवलबुवा नावाचा बगळा राहायला आला. तो पाण्यात एका पायावर उभा राही आणि डोळे मिटून पाण्यावर बोले. अनशेपोटी पाणी प्यालं की बुद्धी वाढते. पाण्याला शिवी दिली की ते रुसतं, मग अंगी लागत नाही. पोपट हे सगळं पाठ करत आणि पहाटे झाडाझाडांवर जाऊन ओरडत. शेवटी म्हणत, "हे अजून चार झाडांना सांगा!" त्यातलं त्यांना काही कळत नसे, म्हणून तर ते इतक्या खात्रीनं सांगत.

त्याच जंगलात भुरी नावाची सांबरीण होती. तिचं वय झालं होतं. गुडघे कुरकुरत. कळप चढण चढून गेला की ती मागे राही. मागे राहणाऱ्या सांबराचं काय होतं हे तिला ठाऊक होतं. तिची थोरली बहीण अशीच एकदा मागे राहिली होती. म्हणून ती लंगडत लंगडत बुवांकडे गेली.

"बुवा, गुडघ्यांवर काही उपाय सांगा."

बगळ्यानं एक डोळा उघडला. "पाणी कसं पितेस?"

"तोंडानं."

"ते नव्हे गं बाई. उभ्यानं की बसून?"

"उभ्यानंच की. आमच्यात सगळे उभ्यानंच पितात. वाघ आला तर पळायला बरं पडतं."

"तिथंच चुकलं!" बगळा कळवळला. "उभ्यानं प्यालेलं पाणी पोटात थांबत नाही. सरळ घसरत गुडघ्यात जातं आणि तिथं साचतं. बसून पीत जा."

जवळच्या दगडावर एक बेडूक होता. तो म्हणाला, "काहीतरीच काय! गुडघ्यात कसं जाईल पाणी? आणि तोंडानंच प्यायला पाहिजे असंही नाही. मी तर कातडीतून आत घेतो."

"कातडीतून म्हणे!" सगळं जंगल खो खो हसलं. दोन पोपट हसता हसता फांदीवरून पडले. बिचारा बेडूक एकटाच खरं बोलला होता, त्यामुळे त्याला ओशाळून पाण्यात उडी मारावी लागली.

दुसऱ्या दिवशी भुरी तळ्याकाठी बसली. आधी पुढचे पाय दुमडले, मग मागचे, मग हुश्श केलं. पाणी गोड लागलं. गुडघ्यांनाही बरं वाटलं, कारण ती बसली होती.

तेवढ्यात शेजारी लपलप आवाज आला. वाघ पाणी पीत होता.

भुरीनं उठायची धडपड केली. पाय मुळी ऐकेनात. तिला बहीण आठवली. तिनं डोळे गच्च मिटले.

काहीच झालं नाही. तिनं डोळे उघडले. वाघ समोर बसून तिच्याकडे बघत होता. तोंडातून लाळ गळत होती.

"खाणार नाही का?" भुरीनं भीत भीत विचारलं.

"आत्ता कसं खाणार?" वाघ वैतागला. "आत्ताच पाणी प्यालो ना! पाण्यावर लगेच खाल्लं की पोटातला अग्नी विझतो. पोपट सकाळपासून बोंबलतायत. आता ही सावली त्या दगडापर्यंत सरकेस्तोवर थांबणं आलं."

"मग तोवर मी जरा पाय मोकळे करून येऊ?"

"ये. पण लांब जाऊ नकोस हं."

"छे, छे. इथंच आहे."

भुरी कशीबशी उठली आणि चालू लागली. झाडाआड गेल्यावर ती पळाली. ते गुडघे घेऊन ती कशी पळाली, ते तिचं तिलाच माहीत. इकडे उन्हात थांबून वाघाच्या घशाला कोरड पडली. तो पुन्हा पाणी प्याला. मग पुन्हा सावली मोजत बसला.

भुरी कळपात पोचली तेव्हा तिला धाप लागली होती. तिनं सगळी हकिगत सांगितली.

"आणि गुडघे?" एका जाऊबाईंनी विचारलं.

"ठणकतायत बाई, पहिल्यापेक्षा जास्त. पण जीव वाचला ना! उभ्यानं पिऊन कुणाचा वाचलाय असा?"

सगळ्यांना पटलं. त्या संध्याकाळी अख्खा कळप तळ्याकाठी ओळीनं बसून पाणी प्याला.

तात्पर्य: अडाणीपणा एकट्यानं करू नये, जिवावर बेततं. तो वाघालाही पटवून द्यावा. मग त्याला शास्त्र म्हणतात.