मल्लिनाथप्पांची सीता

आमच्या जळकोटच्या दूध डेअरीचे सेक्रेटरी मल्लिनाथप्पा दूध घालायला आलेल्यांकडे पाठ करून बसायचे. सकाळी दारातून ऊन यायचं आणि रांगेतल्या सगळ्यांच्या सावल्या आतल्या पांढऱ्या भिंतीवर पडायच्या. अप्पा त्या भिंतीकडे बघत बसायचे आणि सावलीवरूनच हाक मारायचे, "या शेवंताबाई. कंबर धरलीया वाटतं?" शेवंताबाई दचकून कमरेवरचा हात काढायच्या.

नव्या माणसाला वाटायचं, सेक्रेटरी लई माजलेला दिसतोय. मी शेजारी बसून दुधाची फॅट काढायचो, त्यामुळे खुलासा करायचं काम माझ्याकडे.

"राग मानू नका, ते शिकतायत," मी सांगायचो.

"काय शिकतायत?"

"बाहुल्या."

मग माणूस हसून किटली पुढे करायचा.

पण खरंच शिकत होते. पस्तिशी उलटल्यावर अप्पांनी औरंगाबादला नाट्यशास्त्राच्या एम. ए.ला नाव घातलं होतं. प्रबंधाचा विषय होता चामड्याच्या बाहुल्या, म्हणजे पडद्यामागे दिवा लावून ज्यांच्या सावल्या नाचवतात त्या, बाजूनं दिसणाऱ्या चेहऱ्याच्या. "एम. ए. होऊन बाहुली नाचवणार व्हय?" चेअरमन विचारायचे. अप्पा शांतपणे म्हणायचे, "माणूस बाजूनं बघावा, चेअरमनसाहेब. समोरून समदेच बरे दिसतेत."

हे 'बाजूनं' प्रकरण त्यांना महागात पडलं. नळदुर्गला आम्ही त्यांच्यासाठी मुलगी बघायला गेलो होतो. मुलगी पोहे घेऊन आली, खाली मान घालून बसली. अप्पा विचार करून म्हणाले, "जरा भिंतीकडं वळता का? न्हाय न्हाय, पुरतं नको. बाजूनं."

मुलीचा बाप ताडकन उठला. "आमची लेक हाय ही! बैल बघाय आलाव काय बाजारात?"

पोहे तसेच राहिले. परतीच्या एस.टी.त मी पोट धरून हसत होतो आणि अप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "नाक चांगलं होतं हो." त्यानंतर ते कुठेही मुलगी बघायला गेले नाहीत. ही गोष्ट मी डेअरीत इतक्या वेळा रंगवून सांगितली, की आता तिची लाज वाटते.

अप्पांचा गुरू तिमण्णा. सरहद्दीपलीकडच्या कानडी मुलखातून आमच्या माळावर येऊन राहिलेला म्हातारा बाहुलीवाला. पावसानं ओढ दिली की गावोगावची माणसं त्याला बोलवायची. खेळ केला की पाऊस येतो अशी समजूत. पण दुष्काळाचं दुसरं वर्ष लागलं आणि खेळ बोलवायलाही कुणी उरलं नाही. सगळं गाव दुष्काळी कामावर खडी फोडत होतं, आणि तिमण्णाही त्यातच.

अप्पा वही घेऊन खडीवर जायचे. म्हातारा बोलायला लागला की त्याचा हात थांबायचा आणि मुकादम ओरडायचा. मग अप्पांनी तोड काढली. तिमण्णानं बोलायचं, त्याच्या वाटणीची खडी अप्पांनी फोडायची. लिहिणार कोण? मी. एम. ए.साठी हाताला फोड आणणारा विद्यार्थी तेव्हा विद्यापीठात दुसरा नसावा.

तिमण्णाकडे एक सीता होती. हरणाच्या कातड्याची, इतकी विरलेली की उजेडात धरली की भोकं दिसायची. तो तिला 'मगळू' म्हणायचा. कानडीत मगळू म्हणजे लेक. त्याच्या घराण्याची रीत अशी, की बाहुली थकली की घरात ठेवायची नाही, टाकायचीही नाही. वाहत्या पाण्यात सोडायची आणि माणसासारखं तिचं सुतक धरायचं. पण बोरी नदी तर ठणठणीत कोरडी. तिमण्णाला उठवेना झालं, तेव्हा त्यानं सीता अप्पांच्या हातात दिली.

"माज्यानं आता नदीपतोर जाववत न्हाय. पानी आलं की सोड बाबा. तवर माजी लेक अडकून हाय."

अप्पांनी शब्द दिला. त्याच महिन्यात विद्यापीठातल्या सरांनी सांगितलं, की ऐकीव माहितीवर प्रबंध होत नाही. सोबत अस्सल बाहुली जोडा, नाहीतर विषय बदला.

पुढल्या वर्षी बोरीला पाणी आलं. अप्पा एकटेच नदीवर जाऊन आले. "सोडली?" मी विचारलं. "सोडली," म्हणाले. मला वाटलं, गेली यांची एम. ए. महिना-दोन महिन्यांत तिमण्णाही गेला.

पण अप्पा पास झाले. डेअरीत सत्कार ठेवला. चेअरमननी हौसेनं रंगीत खडूनं पाटी लिहून आणली, नावापुढे मोठ्या अक्षरात 'एम. ए.' अप्पांनी तिथल्या तिथे ओलं फडकं घेऊन ती दोन अक्षरं पुसली. माज आलाय, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

काही वर्षांनी डेअरीच्या प्रशिक्षणासाठी आम्ही दोघं औरंगाबादला गेलो. अप्पा मला काही न सांगता विद्यापीठात घेऊन गेले. व्हरांड्यात एक काचेचं कपाट होतं. आत, पुठ्ठ्यावर टाचण्या मारून बसवलेली तिमण्णाची सीता. खाली नंबर.

शिपाई अप्पांना ओळखत होता. "किती अर्ज करताल सर? नोंद झालेली वस्तू परत देत न्हाईत म्हणून सांगितलं की."

बाहेर पायरीवर येऊन बसलो. मला फार वाईट वाटत होतं. माज आलाय म्हटलेलं आठवत होतं. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "जाऊ द्या अप्पा. तिमण्णाला कुठं कळलं? सुखानं गेला म्हातारा."

"त्येच तर," अप्पा म्हणाले. मग स्वतःच सांगू लागले.

"सोडली म्हणून त्येला सांगितलं, तर म्हाताऱ्यानं डोकं भादरून घेतलं. धा दिस सुतक धरलं. अकराव्या दिशी सुनंला रेशनच्या मिलो जोंधळ्याच्या भाकरी कराय लावल्या आन मला जेवाय बोलावलं. म्हणला, लेकीला पोचवणारा आदी जेवला पायजे. उठून बसला आन सवताच्या हातानं वाढलं मला."

"मग?"

"नको म्हणलं असतं तर त्येला कळलं असतं. जेवलो. तिसरी भाकर वाढली, ती बी खाल्ली म्या."